नौकेतील वायरी, मीठ आणि पावसाळा

मढ, वर्सोवा, गोराई व मनोरी येथील यांत्रिक नौका दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात किनाऱ्यावर विसावतात. मे महिन्यात सुस्थितीत असलेली विजेची उपकरणे ऑगस्टमध्ये मात्र दगा देतात. नौका तर जागची हलली नव्हती. मग हे कसे घडते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

तारेवरील रबर वा प्लास्टिकचे आवरण, म्हणजेच इन्सुलेशन, विजेला ठरलेल्या मार्गाबाहेर जाऊ देत नाही. परंतु समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार वाळले तरी हे क्षार आवरणावर व जोडांवर राहतात. कोरडे असताना ते फारसे उपद्रवी नसतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून विरघळते; समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराईड तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओले होते. मग आवरण शाबूत असूनही त्याच्या पृष्ठभागावरून वीज झिरपू लागते. इंजिनाची काजळी व तेलाचा चिकटा या थराला धरून ठेवतात. तेलाने काही प्रकारचे रबर फुगून मऊही पडते.

बारा वा चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर या गळतीने तांबे हिरवे पडून झिजते आणि बॅटरी नकळत उतरते. जनरेटरच्या २३० व्होल्टवर धोका मोठा. गळतीच्या उष्णतेने थर जागोजागी सुकतो, त्या फटीत बारीक ठिणग्या उडतात आणि आवरण जळून कोळशाची रेघ उमटते. कोळसा स्वतःच वीजवाहक असल्याने ती रेघ वाढत जाते. शेवट आगीत वा विजेच्या धक्क्यात होऊ शकतो.

म्हणून नौका झाकण्यापूर्वी बॅटरी व वीजपुरवठा तोडावा, तेलकटपणा पुसावा, जोडांवरील मीठ गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने काढावे व सर्व भाग पूर्ण सुकवावेत. मीठ तसेच ठेवून प्लास्टिकने घट्ट गुंडाळल्यास ओल आतच कोंडते. मेगर या यंत्राने रोधनाची तपासणी जाणकार वायरमनकडून करून घ्यावी. त्यापूर्वी वायरलेस व जीपीएस अलग करावेत, अन्यथा मेगरच्या उच्च दाबाने ते निकामी होतील. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी मिळालेल्या समाधानकारक आकड्यावर विसंबू नये. दमट हवेत पुन्हा तपासावे.

रात्रीच्या समुद्रात दिवा आणि वायरलेस हेच तांडेल व खलाशांचे आधार असतात. किनाऱ्यावर घेतलेले अर्ध्या दिवसाचे कष्ट तेथे प्राण वाचवू शकतात.