रजिस्टरला फुटलेला रकाना

दसरा झाला की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या पट्ट्यातल्या वाड्यातांड्यांवर दारांना कुलपं दिसू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सीमेपलीकडे कर्नाटकात. त्यांत पाचवा महिना लागलेली एखादी पोरही असते. उपकेंद्राच्या सिस्टरला हे पक्कं ठाऊक असतं, पण छापील रजिस्टरात त्यासाठी रकाना नसतो. मग समासात बारीक अक्षरांत नोंद होते : ‘कोयत्यावर गेली. पाडव्यानंतर येणार.’

रजिस्टर जाऊन संगणक आला की हा समास नाहीसा होतो. पडद्यावर जेवढे रकाने, तेवढंच लिहायचं. म्हणूनच आरोग्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवा तो रकाना, म्हणजे कस्टम फील्ड, जोडता येतो ही गोष्ट मला फार मोठी वाटते. वरून ती किरकोळ दिसते. आत डोकावलं की थक्क व्हायला होतं.

साध्या पद्धतीत माहितीचा तक्ता आडवा पसरतो. नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख, हिमोग्लोबिन. नवा प्रश्न आला की नवा स्तंभ, आणि स्तंभ वाढवायचा तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच गाठायला हवं. शिवाय रुंदीला मर्यादा आहे. पोस्टग्रेस नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये एका तक्त्याला जास्तीत जास्त १,६०० स्तंभ बसतात. वैद्यकात विचारता येतील असे प्रश्न त्याहून कितीतरी जास्त, आणि एका माणसाला लागू पडणारे जेमतेम मूठभर. म्हणजे आडव्या तक्त्यातली बहुतेक घरं रिकामीच राहणार.

यावरची युक्ती अशी की तक्ता आडवा वाढवायचाच नाही, उभा वाढवायचा. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी : कोणाबद्दल, कुठला प्रश्न, काय उत्तर. ‘अमुक बाई – ऊसतोडीला गेली का – हो.’ खाली पुढची ओळ. ज्याचं उत्तरच नाही, त्याची ओळ नाही. आणि प्रश्नांची यादी? तीही एका वेगळ्या तक्त्यात, ओळींच्याच रूपात! नवा रकाना जोडणं म्हणजे त्या यादीत एक ओळ लिहिणं. प्रोग्रामला हात लागत नाही, कारण प्रश्न हीसुद्धा माहितीच झाली.

महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यानेही वापरलेलं डीएचआयएस-२ हे सॉफ्टवेअर असंच चालतं. त्यात प्रत्येक प्रश्नाला अकरा अक्षर-अंकांची ओळख मिळते, पहिलं नेहमी अक्षरच. अशा ओळखी किती होऊ शकतात याचा हिशेब मी मांडून पाहिला, तर चारावर एकोणीस शून्यांच्याही पुढे गेला. प्रश्नाचं नाव पडद्यावर मराठीत दिसो की कन्नडमध्ये, आतली ओळख तीच.

पण रकाना जोडताना एक निर्णय घ्यावाच लागतो : उत्तर कुठल्या प्रकारचं? अंक, तारीख, हो-नाही, की ठरलेल्या पर्यायांतला एक? इथे घाई केली की पुढे निस्तरत बसावं लागतं. किनवट-माहूरच्या आदिवासी गावांसाठी सिकलसेलचा रकाना जोडायचा आहे, असं समजा. तो मोकळ्या मजकुराचा ठेवला, तर कुणी ‘पॉझिटिव्ह’ लिहील, कुणी ‘सिकल आहे’. त्यातून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळणारच नाही. एए, एएस, एसएस असे पर्याय बांधून दिले की प्रश्न सुटतो. तारखेचंही तसंच. ‘माळेगावच्या जत्रेआधी पाळी आली होती,’ एवढंच बाईला आठवतं. त्याची तारीख सिस्टर बनवते. पुढचे २८० दिवस मोजून बाळंतपणाचा अंदाज मात्र सॉफ्टवेअर देतं.

उभ्या तक्त्याची किंमतही आहे. एका बाईची सगळी हकिगत एकत्र पाहायची तर विखुरलेल्या ओळी गोळा कराव्या लागतात, आणि लाखो ओळींत हे काम सावकाश होतं. मग डीएचआयएस-२ काय करतं? विश्लेषणासाठी ते त्या ओळी पुन्हा आडव्या तक्त्यांत रचून ठेवतं, बहुतेक ठिकाणी रात्री, सगळे झोपलेले असताना. दिवसभर रजिस्टर मोडायचं आणि रात्री परत बांधायचं!

ही मोकळीक आली कुठून, तर दक्षिण आफ्रिकेतून. वर्णभेदाच्या राजवटीत तिथली आरोग्यखातीही वंशांप्रमाणे तुटलेली होती. १९९४ नंतर ती सांधताना तत्त्व ठरलं की वरच्यांनी मागितलेली किमान माहिती सर्वांनी द्यायची, पण खालच्या पातळीला आपल्या गरजेचे प्रश्न जोडायची मुभा. त्या कामातून डीएचआयएस घडलं, आणि त्याची दुसरी आवृत्ती पहिल्यांदा वापरात आली ती २००६ मध्ये, केरळात.

प्रश्न कोण जोडतो याला म्हणूनच महत्त्व आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याच्या तक्रारींवर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ८२,३०९ बायकांची विचारपूस झाली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढल्याचं समोर आलं. रोजच्या नोंदींतून हा आकडा आपोआप वर आला नव्हता. अर्थात वाटेल तो रकाना जोडत सुटणंही मला मान्य नाही. प्रत्येक नव्या रकान्याचं ओझं शेवटी आशाताई आणि सिस्टरच्याच डोक्यावर येतं.

आता समजा, कोयत्यावर गेलेली मुखेडची बाई बेळगावकडच्या फडात आहे. तिथल्या सॉफ्टवेअरला मुखेडचा रकाना कसा कळणार? आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करण्यासाठी फायर नावाचं जागतिक मानक आहे, आणि भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही तेच स्वीकारलं आहे. त्यात स्थानिक रकाना ‘एक्स्टेन्शन’ म्हणून प्रवास करतो, सोबत स्वतःच्या व्याख्येचा पत्ता घेऊन. घेणाऱ्याला तो ओळखीचा नसेल, तर त्याने तो सोडून द्यायला हरकत नाही. मात्र ज्याने नोंदीचा अर्थच बदलतो, अशा रकान्यांचा एक वेगळा वर्ग आहे. त्यातला एखादा समजला नाही, तर घेणाऱ्या सॉफ्टवेअरने ती नोंद समजल्यासारखी वापरायची नाही, असा नियम आहे.