'टेम्प' फोल्डर नेमके कुठे असते?

संगणकावरचा जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम काम करता करता कच्च्या फाइली तयार करतो. लांबलचक यादी क्रमवार लावताना तिचे मधले तुकडे, पीडीएफ जोडताना सुटी पाने, झिपमधला कागद उघडताना त्याची प्रत, या सगळ्याची गरज काम संपेपर्यंतच असते. त्यासाठी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम एक फोल्डर राखून ठेवते. बोलताना सगळे त्याला 'टेम्प' म्हणतात. अडचण अशी की ते सगळीकडे एकाच जागी नसते, आणि पायथन, पर्ल, रुबी, पीएचपी अशा स्क्रिप्टिंग भाषांतला प्रोग्रॅम मात्र कुठल्याही यंत्रावर चालावा अशी अपेक्षा असते.

लिनक्सवर हे फोल्डर अगदी मुळाशी, '/टीएमपी' या पत्त्यावर असते. फेडोरा या लिनक्स प्रणालीने 2013 मधल्या 18व्या आवृत्तीपासून ते डिस्कऐवजी मेमरीत ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे तिथे टाकलेली अवाढव्य फाइल थेट रॅम खाते. मॅकवर प्रत्येक वापरकर्त्याला '/व्हीएआर/फोल्डर्स'च्या आत, अक्षरांची सरमिसळ असलेल्या नावाचे स्वतंत्र फोल्डर मिळते. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, 'ॲपडेटा', 'लोकल' आणि मग 'टेम्प' असे तीन पायऱ्या खाली असते.

समजा, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीची मेन्टेनन्सची बिले काढणारी पायथन स्क्रिप्ट कुणी लिनक्सच्या लॅपटॉपवर लिहिली आणि तिच्यात '/टीएमपी' हा पत्ता थेट टाकला. लॅपटॉपवर ती बिनबोभाट चालेल. सोसायटीच्या ऑफिसातल्या विंडोज पीसीवर त्याच पत्त्याचा अर्थ 'चालू ड्राइव्हच्या मुळाशी असलेले टीएमपी फोल्डर' असा होतो. तसे फोल्डर सहसा नसतेच, आणि पहिल्याच बिलाला स्क्रिप्ट अडते.

म्हणून पत्ता लिहायचा नसतो, विचारायचा असतो. पायथनच्या 'टेम्पफाइल' मोड्यूलमध्ये त्यासाठी 'गेटटेम्पडिर' हे फंक्शन आहे. ते आधी 'टीएमपीडीआयआर', 'टेम्प' आणि 'टीएमपी' ही तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स याच क्रमाने पाहते. त्यांत काही नसेल तर त्या त्या सिस्टिमवरची नेहमीची ठिकाणे तपासते, आणि तिथेही निराशा झाली तर स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालू आहे तेच वापरते. नुसत्या पत्त्यावर ते विश्वास ठेवत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. प्रत्येक उमेदवार फोल्डरमध्ये ते अटकळ बांधता येणार नाही अशा नावाची फाइल उघडते, तिच्यात 'ब्लाट' हा निरर्थक शब्द लिहिते आणि ती लगेच पुसते. हे जमले तरच फोल्डर पसंत. एकदा मिळालेले उत्तर मात्र ते लक्षात ठेवते. मध्येच व्हेरिएबल बदलून उपयोग होत नाही. विंडोजचे स्वतःचे फंक्शन एवढे सावध नाही. ते देते तो पत्ता अस्तित्वात आहे की नाही, हेही बघत नाही. पर्लमध्ये हे काम 'फाइल-स्पेक' मोड्यूलकडे आहे, रुबीत 'डिर' या क्लासकडे. पीएचपीला असे फंक्शन 5.2.1 या आवृत्तीत, 2007 साली मिळाले. तोवर जो तो आपापले लिहीत असे.

मराठी वापरकर्त्यासाठी खरी मेख पुढे आहे. विंडोजवर लोकल खाते उघडताना नाव 'सोसायटी कार्यालय' असे देवनागरीत दिले, तर टेम्पच्या पत्त्यातही ते देवनागरीच उतरते. पायथन 3 ला त्याचे काही वाटत नाही. पण स्क्रिप्ट हा पत्ता एखाद्या जुन्या, युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देते तेव्हा घोटाळा होतो. अशा प्रोग्रॅमसाठी विंडोजकडे रशियन, जपानी, थाई या भाषांच्या कोड पेज नावाच्या जुन्या सारण्या आहेत. मराठी आणि हिंदी विंडोजमध्ये आल्या त्या थेट युनिकोडवर, त्यांच्यासाठी अशी सारणी कधी नव्हतीच. परिणामी प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येते, आणि विंडोजवर फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. शिवाय नावाच्या मधली मोकळी जागा आहेच; अवतरणचिन्हे विसरली तर कमांड लाइन त्या पत्त्याचे दोन तुकडे करते. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने पीसी सुरू केला तर फोल्डरला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरे मिळतात. बहुतेक घरांत हा त्रास दिसत नाही त्याचे कारण बहुधा हेच.

यावर उपाय सोपा आहे: रोमन नावाचे एक फोल्डर करायचे आणि व्हेरिएबल तिकडे वळवायचे. विचारून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक अक्षरही बदलावे लागत नाही. मात्र 'टेम्प' आणि 'टीएमपी' ही दोन्ही व्हेरिएबल्स बदलावी लागतात. पायथन 'टेम्प' आधी पाहतो, विंडोज 'टीएमपी' आधी. एकच बदलले तर स्क्रिप्ट एका फोल्डरमध्ये लिहील आणि तिचा मदतनीस प्रोग्रॅम दुसऱ्यातच फाइल शोधत बसेल.

फोल्डर सापडले तरी फाइलचे नाव जपून निवडावे लागते. लिनक्सचे '/टीएमपी' सर्वांना लिहिण्यासाठी खुले असते. 'स्टिकी बिट' नावाच्या खुणेमुळे तिथली दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही, इतकेच; ही खूण नसलेले खुले फोल्डर रुबी सरळ नाकारते. तरीही स्क्रिप्ट दर वेळी 'बिल' हेच नाव वापरते असे कुणाला कळले, तर तो त्या नावाची लिंक आधीच तिथे पेरून ठेवू शकतो. मग बिलाचा मजकूर भलत्याच फाइलवर जाऊन बसू शकतो. पायथनचे 'एमकेएसटेम्प' अनपेक्षित नाव निवडते, त्या नावाची फाइल आधीपासून नसेल तरच तयार करते आणि ती फक्त मालकाला वाचता येईल असे बघते. नुसते नाव सुचवणारे जुने 'एमकेटेम्प' म्हणूनच बाद ठरले.

राहता राहिली साफसफाई. अनेक लिनक्स प्रणालींत '/टीएमपी'मधली दहा दिवस न वापरलेली फाइल आपोआप झाडली जाते. विंडोज पीसी बंद करून पुन्हा सुरू केला तरी टेम्प रिकामे होत नाही. पायथनच्या 'एमकेएसटेम्प'ने केलेली फाइलही स्वतःहून पुसली जात नाही, ते काम स्क्रिप्टलाच करावे लागते; त्याआधी वीज गेली किंवा प्रोग्रॅम मध्येच मारला गेला तर ती तशीच राहते. डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक झिपमधून आणलेले आधार कार्ड दोनदा क्लिक करून उघडते, तेव्हा त्याची प्रत टेम्पमध्ये पडते आणि पेन ड्राइव्ह काढून नेल्यावरही बऱ्याचदा तिथेच राहते. विंडोजमधले 'स्टोरेज सेन्स' चालू असेल तर ते अशा फाइली अधूनमधून काढते. नसेल तर दुकानदाराला हे फोल्डर उघडून त्या हाताने पुसाव्या लागतात.