त्रिकोणी दट्ट्याची मोटार

मोटारीचें एंजिन कसें चालतें, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण शिरतें, तें दाबलें जातें, ठिणगीनें पेटतें, आणि स्फोटाच्या धक्क्यानें दट्ट्या खालीं ढकलला जातो. दट्ट्या खालींवर होतो. चाकाला मात्र गोल गति हवी असते. म्हणजे दट्ट्यानें मिनिटांत हजारों वेळां धांवावयाचें, थांबावयाचें आणि उलट फिरावयाचें! या ओढाताणींत हादरे बसतात व शक्तीचाहि अपव्यय होतो. मग स्फोटाच्या बळानें प्रथमपासूनच गोल फिरणारें एंजिन कां करूं नये? या जुन्या प्रश्नाचें व्यवहारांत उतरेल असें उत्तर फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकानें शोधलें, व एनएसयू कंपनीच्या कारखान्यांत १९५७ सालीं असें एंजिन चालूं झालें. परंतु तें उत्तर तडीस नेलें जपानांतील हिरोशिमाच्या एका कारखान्यानें. त्या कारखान्याच्या ‘माझ्दा कॉस्मो स्पोर्ट’ या दोन आसनांच्या वेगवान मोटारीची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम एंजिनाची रचना पाहूं. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढें आणा. मध्यें किंचित् आवळलेली अशी एक पोकळी असते, व तिच्यांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. मुख्य दांड्याचा मध्य सोडून बसविलेल्या एका गोल भागावर तो चढविलेला असतो. त्यामुळें फिरतांना त्याचीं तिन्ही टोकें सदैव भिंतीला टेकून राहतात. त्रिकोण व भिंत यांच्यामध्यें तीन कप्पे पडतात, आणि फिरतां फिरतां प्रत्येक कप्पा लहानमोठा होत जातो. मोठा होतांना मिश्रण आंत ओढतो, लहान होतांना तें दाबतो, स्फोट होतांच पुन्हा मोठा होतो, आणि शेवटीं धूर बाहेर लोटतो. झडपा नाहींत, कीं त्या उघडझांप करणारी यंत्रणा नाहीं. त्रिकोणाचा एक फेरा होतो तों दांड्याचे तीन फेरे होतात, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट मिळतो.

आतां कारखान्याकडे वळूं. तोयो कोग्यो ही कंपनी १९२० सालीं बुचाचा माल करण्यासाठीं निघाली, व १९३१ पासून तीनचाकी मालमोटारी करूं लागली. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें हिरोशिमा बेचिराख झालें. पण हा कारखाना शहराच्या मध्यापासून दूर, एका टेकडीच्या आडोशाला असल्यामुळें बचावला. पुढें १९६० नंतर दुसरेंच संकट उभें राहिलें. लहान मोटार-कारखाने मोठ्या कारखान्यांत विलीन करावे, असा विचार जपानी सरकारांत चालला होता. आपली कंपनी स्वतंत्र राहावयाची तर इतरांजवळ नाहीं असें कांहीं तरी आपणांजवळ हवें, हें अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनीं ओळखलें, आणि १९६१ सालीं एनएसयूशीं करार करून वांकेल एंजिनाचे हक्क मिळविले.

हक्क मिळाले, परंतु एंजिन सदोष होतें. थोडें चालल्यावर पोकळीच्या गुळगुळीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटत, आणि शक्ति घटे. कारखान्यांतील लोक त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. या सैतानाशीं झुंजण्यासाठीं १९६३ सालीं केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं ४७ एंजिनियरांचें एक पथक नेमण्यांत आलें. स्वामीसाठीं प्राण वेंचणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानांत घरोघर ठाऊक आहे. त्यामुळें हा आंकडा तेथें विशेष अर्थपूर्ण ठरला.

ओरखड्यांचें कारण काय? आमच्या पेशांतील उदाहरण देतों. फळ्यावर रेघ ओढतांना खडू कधीं कधीं किंचाळतो, आणि सलग रेघेऐवजीं टिंबांची रांग उमटते. खडू सरकत नाहीं. तो थरथरत उड्या मारतो. असा खडू मोडून अर्धा केला कीं बहुधा किंचाळणें थांबतें, कारण लांबी बदलली कीं त्याच्या थरथरण्याची गतीहि बदलते. त्रिकोणाच्या टोंकांना मिश्रण अडविणाऱ्या पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या याच खडूसारख्या भिंतीवर नाचत होत्या. यामामोतोंच्या पथकानें पट्टीच्या टोंकाजवळ आडवींउभीं छिद्रें पाडून पाहिलीं, आणि ओरखडे नाहींसे झाले! विक्रीच्या गाड्यांसाठीं पुढें कोळसा व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र द्रव्याची पट्टी तयार करण्यांत आली. एका त्रिकोणाचें एंजिन मंद गतींत हादरे देई; म्हणून दोन त्रिकोण परस्परविरुद्ध दिशांना बसविले.

३० मे १९६७ रोजीं कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आली. दोन्ही कोठ्या मिळून माप ९८२ घन सेंटिमीटर, म्हणजे एका लिटरहूनहि कमी. पण शक्ति ११० अश्वशक्ति, आणि वेग ताशीं १८५ किलोमीटर! एंजिन लहान व बुटकें असल्यामुळें गाडीचें नाकहि जमिनीलगत ठेवतां आलें. १९६८ सालीं जर्मनींतील न्यूरबुर्गरिंग येथें ८४ तासांची शर्यत झाली. तींत दोन कॉस्मो उतरल्या. एक अखेरच्या तासांत मोडली, पण दुसरी चौथी आली.

कॉस्मो अवघ्या १,१७६ तयार झाल्या. पण १९७८ सालीं निघालेल्या ‘आरएक्स-७’ या तिच्या वारसाच्या २००२ पर्यंत आठ लक्षांहून अधिक गाड्या झाल्या. १९९१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत चार त्रिकोणांच्या माझ्दानें जिंकली. तो मान मिळविणारी ती पहिली जपानी मोटार होय.

तथापि या एंजिनाचें एक व्यंग सांगितलेंच पाहिजे. त्याचा कप्पा लांबट व पातळ. त्यामुळें ज्वाला सर्वत्र नीट पोंचत नाहीं, उष्णता भिंतींत मुरते, आणि पेट्रोल अधिक लागतें. १९७३ सालीं तेल महागलें, तेव्हां याच दोषापायीं कंपनी बुडतां बुडतां वांचली. मूळ एनएसयू कंपनीला तर १९६९ सालींच आपलें स्वातंत्र्य गमवावें लागलें होतें. हिरोशिमाकरांनीं मात्र तें एंजिन टाकून दिलें नाहीं. २०२३ सालीं त्यांनीं तें विजेच्या मोटारींत वीज निर्माण करण्याच्या कामीं लावलें.

कल्पना एकाची, पण ती फळास आणण्याचे कष्ट दुसऱ्यांचे, असें शास्त्राच्या इतिहासांत वारंवार घडतें. वांकेलच्या बुद्धीला नमस्कार करावाच. परंतु बोटभर पट्टीचें थरथरणें थांबविण्यासाठीं ज्यांनीं वर्षें वेंचलीं, त्या ४७ जणांनाहि विसरूं नये.