बेड्या ठोकल्या म्हणजे नेमकं काय झालं?

‘सराईत घरफोड्याला बेड्या’, ‘लाचखोराला बेड्या ठोकल्या’. मराठी वर्तमानपत्रात असं शीर्षक नसलेला दिवस विरळाच. गंमत अशी, की त्यातल्या कित्येकांच्या मनगटाला लोखंड लागलेलंही नसतं. अटक झाली, एवढाच त्याचा अर्थ. बातमीदाराला आणखी जोर हवा असला की तो ‘मुसक्या आवळल्या’ लिहितो. ‘ठोकणं’ मात्र उगाच आलेलं नाही. जुन्या तुरुंगांत कैद्याच्या पायातल्या बेड्या लोहार हातोड्याने रिबिटं मारून बसवत असे.

हातातली बेडी मात्र आता एका झटक्यात बसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तसं नव्हतं. बेडी ठरावीक मापाची असायची. किडकिडीत चोर त्यातून हात अलगद बाहेर काढायचा आणि आडदांड दरोडेखोराच्या मनगटावर ती मिटायचीच नाही. १८६२ मध्ये डब्ल्यू. व्ही. ॲडम्स या अमेरिकन माणसाने कमी-जास्त होणाऱ्या दातेरी बेडीचं पेटंट घेतलं आणि मापाचा प्रश्न मिटला. पुढे १९१२ मध्ये जॉर्ज कार्नी याने तिची कमान आरपार फिरती केली. मनगटावर आपटली की कमान पूर्ण फिरते आणि पलीकडून दात अडकतात; पोलिसाचा दुसरा हात मोकळा राहतो. सिनेमात ऐकू येणारा तो ‘करर्र’ आवाज या दातांचाच.

या बेड्यांबद्दल सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं ते चावीचं. अमेरिकेतल्या बहुतेक नेहमीच्या बेड्यांना एकच चावी चालते, कंपनी कोणतीही असो. कारण साधं आहे. बेडी घालणारा पोलीस एक आणि कोठडीत ती काढणारा दुसरा, मग चावी शोधत कुठे फिरायचं? चावीच्या टोकाला एक बारीक खुंटी असते, तीही शोभेची नाही. तिने आतला दुसरा खटका दाबला की बेडी आहे तिथेच थांबते, आणखी घट्ट होत नाही. हा खटका न दाबता माणसाला गाडीत बसवलं, तर प्रत्येक हिसक्याला दात पुढे सरकतात आणि अंगठ्याच्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. मग अंगठ्यामागची जागा बधिर होते, कधी कधी कित्येक आठवडे. दोन सेकंदांचं काम आहे ते, आणि कोणत्याही घाईत ते टाळू नये.

बेड्यांनी माणसं बदनाम होतात. हॅरी हुडिनी त्यांच्यामुळेच जगप्रसिद्ध झाला. बुडापेस्टमध्ये १८७४ साली जन्मलेला हा जादूगार स्वतःला ‘बेड्यांचा बादशहा’ म्हणवायचा. १९०४ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’ने त्याला आव्हान दिलं. बर्मिंगहॅमच्या एका कारागिराने पाच वर्षं खपून बनवलेली म्हणे अशी खास बेडी होती. १७ मार्चला हिप्पोड्रोम नाट्यगृह खच्चून भरलं. हुडिनी पडद्याआड गेला. मधूनच बाहेर येऊन म्हणाला, कोट काढायचाय, जरा बेडी सोडा. ‘मिरर’च्या माणसाने साफ नकार दिला, कारण सोडताना कुलूप कसं उघडतं ते त्याला दिसलं असतं. तेव्हा हुडिनीने खिशातला चाकू दातांनी उघडला आणि कोट फाडून अंगावेगळा केला. प्रेक्षक वेडे झाले! तासाभराहून जास्त वेळाने तो मोकळ्या हातांनी बाहेर आला. सगळं आधीच ठरलेलं होतं का, यावर जादूगार मंडळी अजून भांडतात. ठरलेलं असलं, तरी त्या कोटाची कल्पना अफाटच.

ज्यांचा पोलिसांशी कधी संबंध येत नाही, त्यांच्याही हातात बेड्या असतातच. आचार्य अत्र्यांनी १९३६ मध्ये ‘लग्नाची बेडी’ रंगमंचावर आणली आणि ते नाव घरोघरी झालं. कंपन्यांच्या जगात ‘सोन्याच्या बेड्या’ आहेत. चांगल्या माणसाने नोकरी सोडू नये म्हणून त्याला शेअर देऊ करायचे, पण हळूहळू. आपल्याकडच्या नियमांनुसार असे शेअर देऊ केल्यापासून ते हक्काचे व्हायला किमान १ वर्ष जावंच लागतं. अमेरिकेत फुटबॉलच्या काल्पनिक संघांचा खेळ (‘फँटसी फुटबॉल’) खेळणारे लोक तर खेळाडूलाच ‘हँडकफ’ म्हणतात. आपला हुकमी धावपटू जखमी झाला तर त्याची जागा घेणारा बदली गडी तो.

आता खऱ्या बेडीकडे, आणि भारतातल्या कायद्याकडे. इथे कथा दिल्लीच्या तिहार तुरुंगात सुरू होते. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज, ज्याला पुढे १९८६ मध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीला पकडलं, तो सत्तरच्या दशकात तिहारमध्ये पायात दांडाबेड्या घालून होता. तो आणि तिथलाच दुसरा कैदी सुनील बत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने अशा बेड्यांना लगाम घातला. मग तिहारमधूनच प्रेमशंकर शुक्ला या कच्च्या कैद्याने न्यायमूर्तींना तार केली: निकाल लागूनही आम्हाला बेड्या घालतात. त्या तारेचीच याचिका झाली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं, की बेडी हा अपवाद आहे, आणि ती का घातली याचं कारण लिहून न्यायाधीशापुढे ठेवलं पाहिजे. ‘वरच्या वर्गा’च्या कैद्याला सूट आणि गरिबाला बेडी, हा जुन्या पोलीस नियमांतला भेदही त्यांनी मोडीत काढला. त्या निकालातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग.

निकाल लागला म्हणून सवय लगेच सुटली नाही. १९८९ मध्ये गुजरातेतल्या नडियादला पोलिसांनी चक्क मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाच बेडी घातली, दोरीने बांधलं आणि फोटोही काढले! १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी पोलिसांना अवमानाबद्दल शिक्षा सुनावली. पुढे गुवाहाटीच्या रुग्णालयात आजारी कैद्यांना खाटेला बेडीने जखडलेलं पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पाहिलं आणि न्यायालयाला पत्र लिहिलं. १९९५ चा निकाल त्यातून आला: दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेडी नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३ ने प्रथमच बेडीचं नाव घेऊन यादी दिली आहे: सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, अमली पदार्थ, दहशतवादी कृत्य, बनावट नोटा वगैरे. मसुद्यात आर्थिक गुन्हेही होते, ते नंतर वगळले गेले. आणि यादीतल्या गुन्ह्यांतही पोलीस बेडी वापरू शकतात, एवढंच कलम म्हणतं. वापरलीच पाहिजे असं नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. बेडी विनाकारण घातली असेल, तर तिथेच, पहिल्याच हजेरीत, वकिलाने किंवा खुद्द आरोपीने ते तोंडाने सांगावं आणि नोंदवून घ्यायला लावावं.