थ्री नॉट थ्रीची जन्मतारीख

कोल्हापुरात रायफल म्हटलं की हल्ली तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ही नावं आधी निघतात, आणि ते रास्तच आहे. पण शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या फौजी गावात पारावर बसलेल्या माजी सैनिकांच्या तोंडी अजूनही ‘थ्री नॉट थ्री’ असते. मग कुणीतरी ऐकीव गोष्ट छातीठोकपणे सांगतो: अमक्याकडची रायफल पहिल्या महायुद्धातली, तिच्यावर १९१७ लिहिलंय. आकडा बहुधा खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

आधी नावाचं बघू. ३०३ हे ना वर्ष, ना मॉडेल. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, एवढाच त्याचा अर्थ. रायफलीचं नाव ली-एनफिल्ड. तिचा मार्क ३ हा नमुना १९०७ साली ब्रिटिश सैन्यात आला आणि आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो हाच.

त्याच्यावरचं साल शोधायचं ते बोल्टच्या मुठीखाली, दस्ता ज्या पोलादी कड्यात बसतो त्याच्या उजव्या बाजूला. तिथं मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मॉडेल असा ठसा असतो. ‘ईआर’ दिसलं की काहीजण एलिझाबेथ राणीपर्यंत पोचतात. मार्क ३ वर तो सातवा एडवर्ड असतो, १९१० साली वारलेला. ‘जीआर’ पाचव्या जॉर्जचं आणि सहाव्याचंही, म्हणून नुसत्या अक्षरांवर विसंबू नये. कारखाना इंग्लंडमधला एनफिल्ड किंवा बीएसए असेल, ऑस्ट्रेलियातला लिथगो असेल, नाहीतर बंगालमधला इशापूर. इशापूरनं हीच रायफल स्वातंत्र्यानंतरही बनवली, फक्त मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे दिसायला ‘ब्रिटिशांच्या काळातली’ रायफल प्रत्यक्षात नेहरूंच्या काळातलीही निघू शकते.

अनुक्रमांकावरून साल काढता येतं, हा समज फार चिवट आहे. कारखाने अक्षर आणि चार आकडे अशी मालिका संपवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. एकच क्रमांक दोन कारखान्यांतून, दोन वेगळ्या सालांत निघालेला असू शकतो. क्रमांक, कारखाना आणि साल ही तिन्ही एकत्र वाचली तरच काही कळतं. दस्त्यावर रंगानं लिहिलेला मोठा आकडा तर त्याहून वेगळा. तो बट नंबर, कोतीत म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात रायफल कुठल्या खणात ठेवायची त्यासाठीचा.

आता नळी. कड्यावर १९१७ आणि नळीवर १९४२ दिसलं की लोक ‘बनावट’ म्हणून मोकळे होतात. पण नळी झिजणारच आणि झिजली की बदलणारच. फौजी वर्कशॉपचं ते रोजचं काम होतं. संपूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलीवर ‘एफटीआर’ असा ठसा आणि बऱ्याचदा दुरुस्तीचं सालही असतं. मला तर सगळे भाग एकाच सालचे असलेली, कोरी करकरीत जुनी रायफलच जास्त संशयास्पद वाटते.

पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती मोडकी म्हणून बांधलेली नव्हे. नळीच्या तोंडून ग्रेनेड फेकताना बसणारा धक्का लाकडानं सोसावा म्हणून ती तार असते. काही रायफली तर आता रायफली उरलेल्याच नाहीत. पोलीस आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी इशापूरनं अनेकांची नळी आतून गुळगुळीत करून त्यांचं .४१० बोअरचं, एका वेळी एकच काडतूस घेणारं मस्केट केलं. बाहेरून ओळख पटणं कठीण. उलट, १९६२च्या चीन युद्धानंतर आलेली ७.६२ मिलिमीटरची ‘२ए’ ही जुन्या ३०३ मधून बदलून केली असं सर्रास सांगतात. ती नव्यानं, अधिक मजबूत पोलादातून बनवलेली होती.

‘आजोबांनी युद्धावरून आणलेली’ ही कथा मोडताना मलाही वाईट वाटतं, पण शिपायाची रायफल सरकारची असे आणि नोकरी संपताना कोतीत जमा होई. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तर २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कूत-अल-अमारात तुर्कांना शरण गेल्या. तिथून हत्यार घरी येण्याचा प्रश्नच नव्हता. एखाद्या रायफलीचा पलटणीशी संबंध जोडायचाच, तर दस्त्यावर पितळी चकती आहे का ते पाहावं. जुन्या रायफलींत तिच्यावर पलटणीची खूण कोरत. पहिल्या महायुद्धात काम वाचवायला ती चकतीच गाळली गेली. कुठल्या शिपायाच्या हाती होती, हे क्रमांकावरून सहसा सांगता येत नाही.

शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, हेही खोटं. १९५९चा शस्त्र कायदा जुनाट हत्याराला सूट देतो ती ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तर. आणि गंज काढायला पॉलिश पेपर घासून ठसे पुसण्याआधी त्याच कायद्याचं आठवं कलम वाचावं: बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. ठसा पुसट असेल तर तिरका उजेड टाकून फोटो घ्यावा. अक्षरं बहुधा उमटतात.