कुत्र्याचे नाजूक पोट आणि खिशाला परवडणारा आहार

घरी कुत्रा पाळणाऱ्या अनेकांची एक तक्रार नेहमीची असते. कुत्रा एरवी खेळतो, राखण करतो, मुलांशी मायेने वागतो. पण दर आठ-पंधरा दिवसांनी त्याचे पोट बिघडते. कधी पातळ शी, कधी उलटी, कधी पोटात गुडगुड. दवाखान्यात नेले की इंजेक्शनने दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! मग कोणीतरी दुकानातले महागडे खाद्य आणायला सुचवतो. पिशवीची किंमत ऐकून सामान्य माणूस गप्प बसतो. काही जण तर कंटाळून कुत्र्याला गावाबाहेर नेऊन सोडतात. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर तग धरू शकत नाही. शिवाय, योग्य कारणाशिवाय प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

वास्तविक, नाजूक पोटाच्या बहुतेक कुत्र्यांना महागड्या खाद्याची गरज नसते. त्यांना साधा, ताजा आणि रोज एकसारखा आहार लागतो. तो कसा ठरवावा, ते या लेखात पाहू.

दूध-पोळीचा घोटाळा

आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी किंवा भाकरी, असे समीकरणच झाले आहे. पुष्कळ वेळा पोटाच्या तक्रारीचे मूळ याच वाडग्यात असते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारे पाचकद्रव्य पिल्लाच्या आतड्यात भरपूर असते. पण आईचे दूध सुटल्यावर ते कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. सर्वच कुत्र्यांना हा त्रास होत नाही, पण वारंवार पोट बिघडणाऱ्या कुत्र्याचे दूध प्रथम बंद करावे. दह्यात किंवा पातळ ताकात ही साखर कमी असते, म्हणून ते थोड्या प्रमाणात बहुधा सोसते.

पोळी-भाकरी मुळातच वाईट, असे मात्र नाही. कुत्रा माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिला आणि त्याच्या शरीरातही तसा बदल झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की पिष्ट पचवणाऱ्या द्रव्याच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३० पर्यंत असतात. म्हणजे शिजवलेला भात, भाकरी, रताळे कुत्र्याला पचते. अडचण एवढीच, की नुसत्या पोळीत त्याला पुरेशी प्रथिने आणि कॅल्शियम मिळत नाही.

आधी जंत पाहा

खाणे बदलण्यापूर्वी शी तपासून घ्यावी. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. सकाळची ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन डॉक्टरांना दाखवावी. शेपटीजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. हा कृमी पिसवांमार्फत पोटात जातो, म्हणून जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. पिल्लांना सुरुवातीला दर १५ दिवसांनी, नंतर महिन्याने आणि मोठ्या कुत्र्याला साधारण ३ महिन्यांनी जंताचे औषध वजनाप्रमाणे द्यावे लागते. पोटात जंत असताना कितीही चांगले खाऊ घातले तरी त्याचा उपयोग होत नाही.

पोट बिघडलेल्या दिवशी

मोठा, अन्यथा धडधाकट कुत्रा उलट्या करत असेल, तर त्याच्या पोटाला १२ तास विश्रांती द्यावी. या काळात पाणी थोडे थोडे, पण वरचेवर ठेवावे. पिल्लाला किंवा अशक्त कुत्र्याला मात्र असे उपाशी ठेवू नये. नंतर मऊ शिजवलेला भात दोन भाग आणि कातडी काढलेली उकडलेली कोंबडी एक भाग, असे मिश्रण द्यावे. त्यात मीठ, हळद, तिखट, फोडणी काही नको. दिवसातून ४ ते ५ वेळा थोडे थोडे द्यावे. कोंबडी चालत नसेल तर उकडलेले अंडे किंवा बिनमिठाचा पातळ दहीभात द्यावा. चमचाभर उकडलेला लाल भोपळा घातला तर शी बांधली जाण्यास मदत होते. दोन-तीन दिवसांत आराम पडला की हळूहळू नेहमीच्या आहारावर यावे.

घरातल्या माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉल आणि दुखण्यावरची आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

रोजचा आहार : एक हिशोब

गावठी कुत्रा साधारण १५ किलोचा धरू. अशा मोठ्या झालेल्या, बेताची हालचाल करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ८५० कॅलरी लागतात. त्या घरच्या अन्नातून अशा देता येतील :

शिजवलेला भात ३०० ग्रॅम (सुमारे १०० ग्रॅम तांदळाचा), उकडलेली बिनहाडाची कोंबडी १५० ग्रॅम, उकडलेली अंडी २, उकडलेला लाल भोपळा ५० ग्रॅम आणि तेल १ चमचा. हे दिवसाचे प्रमाण झाले. ते दोन किंवा तीन वेळांत विभागून द्यावे. कुत्रा सुस्त किंवा लठ्ठ असेल तर कमी, शेतात दिवसभर धावणारा असेल तर जास्त. फासळ्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत, ही साधी खूण लक्षात ठेवावी.

खर्च कमी करायचा असेल तर कोंबडी कमी करून अंडी वाढवावीत. चांगल्या प्रथिनांसाठी अंड्याइतका सोपा आणि स्वस्त पदार्थ क्वचितच सापडेल. अंडे उकडूनच द्यावे. कच्च्या पांढऱ्या भागामुळे बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि जंतूंची भीतीही असते. कोंबडीची काळजी-पेटी स्वस्त मिळते, पण काळीज थोडेच घालावे, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते. किनारपट्टीवर ताजी स्वस्त मासळी उकडून, काटे काढून देता येते. सुकट, सुके बोंबील यांत मीठ जास्त असल्याने ते टाळावे. सोयाबीनच्या वड्यांनी आणि अर्धवट शिजलेल्या डाळींनी पोटात वायू धरतो.

शाकाहारी घरांत दही, पनीर, मऊ शिजवलेली मूगडाळ आणि भात यांवर मोठा कुत्रा राहू शकतो. मात्र उणीव भरून काढणारी पूड डॉक्टरांना विचारून अवश्य द्यावी. वाढत्या पिल्लाला या आहारावर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ठेवू नये.

आता कॅल्शियमकडे वळू. मांस-भातात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. असा आहार महिनोन्‌महिने चालला तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून घेते. पिल्लांचे पाय वाकतात, हाडे ठिसूळ होतात. यावर स्वस्त उपाय म्हणजे अंड्याचे कवच. कवचे धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी बारीक दळावीत. चहाच्या एका चमच्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. वरच्या हिशोबाच्या कुत्र्याला रोज अर्धा चमचा पुरतो. पिल्लांना कॅल्शियम जास्त झाले तरी अपाय होतो, म्हणून त्यांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. घरच्या आहारात जस्त, आयोडीन आणि ‘ड’, ‘ई’ ही जीवनसत्त्वेही कमी पडतात. त्यासाठी खनिज-जीवनसत्त्वांची पूड घेणे चांगले.

पाकिटातले खाद्य घ्यायचे असल्यास

ज्यांना रोज शिजवणे जमत नाही, त्यांनी पाकीट घ्यावे, पण मागची बाजू वाचून घ्यावे. घटकांची यादी बहुधा वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या दोन-तीन नावांत कोंबडी, मासे, अंडी असा प्राणिज पदार्थ नावानिशी असावा. ‘परिपूर्ण आहार’ असे स्पष्ट लिहिले आहे की ते पूरक खाद्य आहे, हे पाहावे. पिल्लाचे आणि मोठ्या कुत्र्याचे खाद्य वेगळे असते.

प्रथिनांचे आकडे पाहताना पाण्याचा हिशोब करावा. कोरड्या खाद्यात साधारण १० टक्के पाणी असते, डब्यातल्या ओल्या खाद्यात ७८ टक्क्यांपर्यंत. डब्यावर ८ टक्के प्रथिने लिहिली असतील, तर उरलेल्या २२ भागांत ती ८, म्हणजे कोरड्या मापाने ३६ टक्के झाली. कोरड्या खाद्यावरचे २२ टक्के याच मापाने सुमारे २४ टक्के होतात. अमेरिकेतील मान्य प्रमाणानुसार या कोरड्या मापाने मोठ्या कुत्र्याला किमान १८ आणि पिल्लाला २२.५ टक्के प्रथिने लागतात. अर्थात नुसत्या आकड्यावर भुलू नये. २००७ साली अमेरिकेत गव्हाच्या प्रथिनात मेलॅमाइन हे रसायन मिसळल्याने अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रथिनांच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजतात आणि मेलॅमाइनमध्ये तो भरपूर असतो, म्हणून भेसळ करणाऱ्यांचे फावले होते.

किंमत पिशवीवरून न ठरवता दिवसावरून ठरवावी. समजा, एक खाद्य २५० रुपये किलो आहे आणि १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी आहेत. १५ किलोच्या कुत्र्याला ते रोज सुमारे २४० ग्रॅम लागेल. म्हणजे ६० रुपये. दुसरे खाद्य २०० रुपये किलो असले, पण ते रोज ३२० ग्रॅम घालावे लागत असेल, तर त्याचा खर्चही ६४ रुपये होतो. शिवाय न पचणाऱ्या खाद्याने शी जास्त होते आणि औषधाचा खर्च वाढतो तो वेगळाच.

पोत्यातून सुटे विकले जाणारे खाद्य स्वस्त पडते, पण ते टाळावे. हवा लागून त्यातील चरबी खवट होते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. मका, शेंगदाणे आणि इतर धान्यांवरील काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृत निकामी करते आणि शिजवूनही जात नाही. २००५ च्या अखेरीस अमेरिकेत असे दूषित खाद्य खाऊन १०० हून अधिक कुत्रे दगावले. आपल्याकडे बुरशी आलेली भाकरी ‘माणसाला नको, कुत्र्याला चालेल’ म्हणून टाकतात. ती कुत्र्यालाही चालत नाही.

एका वेळी एकच बदल

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. पहिले दोन दिवस पाव भाग नवे, पुढचे दोन दिवस अर्धे, मग पाऊण आणि आठवड्याने पूर्ण नवे. एका वहीत रोज काय दिले आणि शी कशी झाली ते लिहावे. दूध बंद, जंत नाहीत, उष्टे-खरकटे बंद आणि तरीही त्रास चालू असेल, तर एखाद्या प्रथिनाचे वावडे असू शकते. कुत्र्यांत गोवंशाचे मांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांचे वावडे अधिक आढळते. अशा वेळी पूर्वी कधी न दिलेले एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, उदाहरणार्थ मासे आणि रताळे, ८ आठवडे देऊन पाहतात. त्या काळात बिस्किटाचा तुकडाही बाहेरून पडता कामा नये. हे घरातल्या आजी-आजोबांना आणि मुलांना आधी नीट समजावून सांगावे!

हे कधीही देऊ नये

कांदा आणि लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून रश्श्यातला भातही नको. द्राक्षे, मनुके, बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. २०२१ साली तज्ज्ञांनी यामागे टार्टरिक आम्ल असावे असे मांडले. हे आम्ल चिंचेतही असते, तेव्हा चिंचेची आमटीही वर्ज्य. द्राक्षबागा असलेल्या भागांत गळलेल्या मण्यांवर विशेष लक्ष ठेवावे. चॉकलेट आणि झायलिटॉल हा गोडवा असलेले साखरविरहित च्युइंगगम विषारी आहेत. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन आतड्याला भोक पडू शकते. मटणाची चरबी आणि तळणीचे पदार्थ यांमुळे स्वादुपिंडाला सूज येते. सणावाराच्या दुसऱ्या दिवशी कुत्री आजारी पडतात, त्याचे एक कारण हेच.

दवाखान्यात केव्हा धाव घ्यावी?

शीत रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, न थांबणाऱ्या उलट्या, फुगलेले पोट, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर चटकन खाली न बसणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. लस न टोचलेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली तर पार्व्होचा संशय घ्यावा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू दोन-तीन दिवसांत पिल्लू नेतो. त्यावर लस आहे; ती ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून ठराविक अंतराने टोचून घ्यावी. पिल्लाला भात-दह्यावर ठेवून उद्यापर्यंत वाट पाहणे हे अशा वेळी घातक ठरते.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या यकृत, फुप्फुसे, क्वचित डोळ्यांपर्यंत पोचतात. म्हणून कुत्र्याची शी रोज उचलावी, त्याचे ताट वेगळे ठेवून रोज घासावे आणि मुलांना कुत्र्याशी खेळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. जंताच्या औषधाच्या वेळीच रेबीजच्या लसीची तारीखही वहीत पाहून घ्यावी.