मागच्या रांगेला तबला दोनदा का ऐकू येत नाही?

मोकळ्या मैदानातल्या मोठ्या मैफलीत प्रेक्षकांच्या मधोमध स्पीकर उभे केलेले असतात. साऊंडवाले त्यांना ‘डिले’ म्हणतात.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, तारेतून सिग्नल मात्र जवळपास त्याच क्षणी पोचतो. त्यामुळे स्टेजपासून 70 मीटरवरचा स्पीकर थांबवून ठेवला नाही, तर मागच्यांना तबल्याची एकच थाप दोनदा ऐकू येईल. म्हणून त्याचा आवाज सुमारे 200 मिलिसेकंद उशिरा सोडतात. वर आणखी 10-15 वाढवले, की गाणं स्टेजवरूनच येतंय असं कानाला वाटतं!

गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. त्यामुळे दुपारच्या उन्हात जुळवलेलं गणित रात्रीच्या गारठ्यात पुन्हा तपासावं लागतं.

आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी? स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडत राहिला, की ती सुरू होते. माईकची जाळी मुठीत झाकली की हमखास!

म्हणून भाषणाला उभे राहाल तेव्हा माईकवर टकटक नको, फुंकर नको. जाळी मोकळी ठेवा, माईक तोंडाजवळ धरा आणि सरळ बोलायला लागा. बाकीचं साऊंडवाले बघतात.